सातवा फर्मा

“अक्का, तो सहावा फर्मा राहू द्या तिथंच... माझं ऐका, तेवढा एक नका वाचू!”

कटिंगवाले काका हे बोलून गेले आणि त्यांनीच जीभ चावली. अक्काला ‘नको’ म्हणणं म्हणजे तिच्या हातात ती वस्तू नेऊन देण्यासारखंच होतं, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तिच्या वडिलांच्या वेळेपासून ते या बाइंडिंगमध्ये कागद कापत होते. पण बोलून चुकले होते. त्या लांबट खोलीत एकदम सामसूम झाली. घडी घालणाऱ्या बायकांचे हात थांबले, खळीचा ब्रश डब्यातच राहिला. एरवी यांच्या जिभा कात्रीसारख्या चालायच्या. आज एकीलाही अक्काकडे मान वर करून बघवेना. म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं! तिच्याच छपराखाली, तिच्याच टेबलावर सगळ्यांनी वाचून झालं होतं, आणि जिच्याबद्दल लिहिलंय ती तेवढी अडाण्यासारखी दोऱ्याचं रीळ उलगडत बसली होती.

“द्या इकडे,” अक्का म्हणाली.

फर्मा म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. एका थोरल्या कागदावर सोळा पानं छापायची, त्याची घडी घालायची, झाला फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले, पुठ्ठा चढवला, की पुस्तक. छापखान्यातून कालच एका नव्या पुस्तकाचे पहिले सहा फर्मे आले होते, पुढचे छापून यायचे होते. माणसामाणसांच्या नात्यांवरचे लेख होते म्हणे, अगदी खरेखुरे, काही न झाकता लिहिलेले. बाप, आई, मित्र, सोडून गेलेली बायको... आणि बहीण. लिहिणारा कुणी परका नव्हता. तो अक्काचा धाकटा भाऊ होता! आता मोठा प्राध्यापक, नावाजलेला लेखक. जगासाठी तो कुणीही असो, अक्काचा तो पिल्या होता. आणि त्या पिल्याचं नाव या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

बाइंडिंगच्या धंद्यात वाचायची चोरी असते. वडील म्हणायचे, “वाचणारा बाइंडर उपाशी मरतो.” अक्काने तो शब्द जन्मभर पाळला. आणि स्वतःचा एक नियम त्याहून कडकपणे पाळला : सगळे फर्मे हाती आल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. तरुणपणी एकदा घाईघाईत मधला एक फर्मा राहून गेला होता आणि शिवलेली सगळी थप्पी उसवावी लागली होती. तेव्हापासून कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी बजावायची, “अर्धं पुस्तक शिवायचं नाही, बाई. अर्धं पुस्तक म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.”

आज तिने वडिलांचा शब्द मोडला. उभ्याउभ्याच ती वाचू लागली.

‘माझ्या आयुष्यात मला भेटलेली पहिली खोटारडी व्यक्ती म्हणजे माझी थोरली बहीण...’

अक्षरं डोळ्यांसमोर नाचू लागली. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

‘मी चार वर्षांचा असताना तिने मला सांगितलं, की आई देवाघरी गेली. अक्काला खोटं बोलताना एक सवय आहे, तिची तिलाही माहीत नसेल. ती डाव्या हाताचा अंगठा मुठीत दडवते. त्या दिवशी तिचा अंगठा मुठीत होता. मी लहान होतो, मला त्याचा अर्थ कळला नाही. आई जिवंत होती! पुढे कितीतरी वर्षं जिवंत होती. ती खरोखर वारली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजीने मला सांगितलं, की आई एकदा आमच्या दारात आली होती, मला न्यायला. दाराबाहेर उभी राहून रडत होती. आणि माझ्या बहिणीने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. मी विचारलं तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, हो, मीच लावलं. पश्चात्तापाचा एक शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. बापाने मला मारलं, ते मी विसरलो. बायको मला सोडून गेली, तेही समजून घेतलं. पण एका लेकराची आई त्याच्यापासून चोरायची, या चोरीला मी क्षमा कुठून आणू?’

पान संपलं. फर्मा संपला.

अक्का मटकन कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. काका पाण्याचा पेला घेऊन धावले, तो तिने हातानेच परत सारला. तिची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली होती. इतकी वर्षं या हाताने तिची चहाडी केली आणि तिला पत्ताच नाही! ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यानेच तळहात वाचला... अरे देवा, आणि वाचून वाचून काय वाचलं? चोरी!

“पुढचा फर्मा उद्या सकाळी येतोय अक्का,” काका चाचरत म्हणाले. “लेख संपलेला नाहीये अजून. पुढं काहीतरी...”

“पुढं काय असणार काका? कोळसा उगाळावा तितका काळाच!”

आणि तिथेच ती चुकली. जी बाई अर्ध्या पुस्तकात सुई घालत नव्हती तिने अर्ध्या लेखावर भावाचं काळीज तोलून टाकलं. पण तिला तरी दोष कसा द्यायचा? त्या दाराच्या आतल्या बाजूला काय घडलं ते या जगात फक्त दोघींना ठाऊक होतं. एक मरून गेली होती, आणि दुसरीने तोंड शिवून घेतलं होतं.

अक्का तेव्हा पंधरा वर्षांची होती. परगावच्या एका माणसाबरोबर आई निघून गेली त्याला बरेच दिवस लोटले होते. वडील त्या दिवसापासून धड बोलत नव्हते, बोलले तर हाताने. आणि एका कातरवेळी आई दारात उभी राहिली. वडील बाहेर गेले होते. आत पिल्या तापाने फणफणला होता, ‘आई, आई’ करत होता.

“चल,” आई म्हणाली. “तुझे कपडे घे. तुला न्यायला आलेय.”

“आणि पिल्या?”

आईने मान दुसरीकडे वळवली. “त्यांनी सांगितलंय... मुलगी चालेल, घरात हाताशी येईल. दुसऱ्याचा मुलगा नको म्हणाले. उद्या वाटा मागेल.”

“तो तापलाय गं आई. तुझंच नाव घेतोय. आत येऊन बघ तरी!”

“नको गं. त्याला बघितलं तर पाय निघणार नाही माझा.”

उंबऱ्याच्या बाहेर होती आई, आणि आईच्या मागे रस्ता होता. मार नाही, खळीचा वास नाही, रात्रंदिवस कागदाच्या घड्या नाहीत, असा रस्ता. अक्काला नुसता एक पाय टाकायचा होता. तिने एकदा आत पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. बाहेर आई हुंदके देत होती ते शेजारच्या आजीने ऐकलं. आत दाराला पाठ लावून पंधरा वर्षांची पोर तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडत होती, ते कुणी ऐकलं नाही.

आणि मग त्या लेकराला काय सांगायचं? की बाळा, तुझी आई आली होती, पण तिला तू नको होतास? त्यापेक्षा मेलेली आई बरी! मेलेली आई निदान लेकराला नको म्हणत नाही. म्हणून आई देवाघरी गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ अक्काने जन्मभर झाकून ठेवली. पुढे छापखान्यातल्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली. ‘भावाला वसतिगृहात ठेवू’ एवढंच तो म्हणाला, तर तिने त्यालाही दार लावलं. वडील गेल्यावर धंदा अंगावर घेतला, पिल्याला शिकवलं, इतकं शिकवलं, की तो तिच्याविषयी असं सुंदर लिहू शकला! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. ज्या दिवशी त्याने विचारलं, ‘दार तू लावलंस?’ त्या दिवशीही ती सगळं सांगून मोकळी होऊ शकली असती. ‘हो, मीच लावलं,’ एवढंच म्हणाली. तो ताडताड निघून गेला. माझ्यावर चिडून का होईना, पण आपण आईला हवे होतो या समजुतीत पोर जगेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि ती पुन्हा शिवायला बसली.

आता त्या सगळ्याची ही पावती छापून आली होती, आणि तिला ती स्वतःच्या हाताने शिवायची होती.

देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण त्याच दुपारी तो आला.

बाइंडिंगच्या दारात टॅक्सी थांबली. आधी एक तरुण मुलगी उतरली, त्याची लेक असणार, तिने हात देऊन बापाला उतरवलं. केस पार पांढरे झाले होते. चेहरा ओढलेला, ओठांवर निळसर छटा. कटिंगवाल्या काकांनी धावत जाऊन त्याचा हात धरला, दोघं दारातच काहीतरी हळू बोलले. मग लेकीला बाहेरच थांबवून तो आत आला आणि कागदांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत बहिणीसमोर उभा राहिला. बायका पटापट उठून मागच्या अंगणात गेल्या.

तो हसला. अगदी पाचवीत निकाल घेऊन आला होता तेव्हा हसला होता तसा. “वाचलंस अक्का?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हसतोय! विचारतोय!

“वाचलं.”

“सगळं?”

“वाचायला हवं होतं तेवढं वाचलं.”

“मुद्दाम तुझ्याकडेच पाठवायला सांगितलं मी छापखानेवाल्यांना. म्हटलं, सगळ्यात आधी तुझ्या हातात पडायला हवं...” त्याचा श्वास अडकत होता. “मग? काही म्हणायचं नाही तुला?”

सगळे फर्मे तिच्या हाती आलेत असं समजून तो आशीर्वादाची वाट बघत होता. तिला मात्र वाटलं, हा जखमेवर मीठ चोळून ‘दुखतंय का’ विचारतोय! इतक्या वर्षांचा शिवलेला दोरा एका झटक्यात उसवला.

“म्हणायचंय ना! खूप म्हणायचंय. चोर म्हणालास ना मला? चार लोकांत, छापून! काय चोरलं रे मी तुझं? आई? अरे, ती तुझी होती कुठे चोरायला?”

“अक्का...”

“तुला न्यायला नव्हती आली ती! ऐकतोयस? मला न्यायला आली होती! मला! मुलगी चालेल म्हणाली, मुलगा नको. तू आत तापाने फणफणला होतास, आई आई करत होतास, आणि मी हात जोडले तिला, आत येऊन बघ म्हटलं... उंबरा ओलांडला नाही तिने! तोंड बघितलं नाही तुझं! मी गेले असते ना, तर आज चोर नसते झाले. सुखात राहिले असते. तुझ्यासाठी राहिले मी इथे, या खळीत हात कुजवत! लिही आता! लिही हेही!”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि अक्काला समोर भावाचा चेहरा दिसला. तो रागावला नव्हता, रडतही नव्हता. तो एकदम लहान दिसत होता.

त्याने बसायला जागा शोधली आणि सहाव्या फर्म्याच्या थप्पीवरच बसला. एक हात छातीवर होता. बराच वेळ तो तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. हात उघडा होता, अंगठा बाहेर होता.

“बघायलासुद्धा आत आली नाही?” त्याने विचारलं.

आई ‘पाय निघणार नाही’ म्हणाली होती, ते सांगायला हवं होतं. तेवढं एक वाक्य! पण रागावलेल्या माणसाजवळ दयेचं वाक्य वेळेवर कधी नसतं.

“नाही,” अक्का म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला. धरत धरत उठला. दारापाशी थांबून, मागे न बघता म्हणाला, “तू सांभाळलंस ना मला... बरं केलंस, अक्का.” आणि टॅक्सी निघून गेली.

काका तिच्याकडे आले. या माणसाने इतक्या वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता. “काय केलंस हे पोरी? परवा सकाळी त्याचं हृदयाचं ऑपरेशन आहे. आपल्याच गावातल्या हॉस्पिटलात करून घ्यायचा हट्ट धरला त्याने. का, माहितीये? म्हणाला, काका, आत जायच्या आधी अक्काच्या पाया पडायचंय.”

अक्काला त्या रात्री झोप आली नाही हे सांगायला नकोच.

सकाळी छापखान्याची हातगाडी आली आणि सातवा फर्मा आला. बायका अजून यायच्या होत्या. अक्काने वरचाच कागद ओढला, घडी घातली, हाडाच्या पट्टीने दाबली. हात सवयीने चालत होते, डोळे भरून येत होते. मग तिने पान उलटलं.

‘...क्षमा कुठून आणू, असं मी वर्षानुवर्षं विचारत होतो. मग एक दिवस मला ती माझ्याच घरात सापडली. बायको सोडून गेल्यावर माझी लेक मला रोज विचारायची, आईचा फोन आला का? आणि मी म्हणायचो, आला होता, तू शाळेत होतीस, तुझी फार आठवण काढत होती. फोन कधीच येत नव्हता. एकदा असंच सांगताना आरशात माझं लक्ष गेलं. माझ्या डाव्या हाताचा अंगठा मुठीत होता.

‘त्या क्षणी मला अक्का कळली. खोटं दोन प्रकारचं असतं. एक स्वतःला वाचवायला बोलतात, दुसरं लेकराला वाचवायला. अक्का घाबरली होती. आई मला घेऊन जाईल या भीतीने त्या पंधरा वर्षांच्या पोरीने दार लावलं. हरवायला तिच्याजवळ माझ्याशिवाय होतंच काय? आता मी ते दार आठवतो तेव्हा मला राग येत नाही. दाराच्या बाहेर एक बाई रडत होती, कारण तिला मी हवा होतो. दाराच्या आत एक पोर उभी होती, कारण तिलाही मीच हवा होतो. ज्या मुलासाठी दोन बायका एका दाराच्या दोन्ही बाजूंना भांडल्या, तो मुलगा नकोसा कसा असेल? आयुष्यात जेव्हा जेव्हा मला कुणी टाकलं, तेव्हा मी या दाराशी जाऊन बसलो आहे आणि उठताना सावरून उठलो आहे.

‘हे पुस्तक अक्काच्या हातांनी शिवलं जावं अशी माझी इच्छा आहे. मग मी तिच्याकडे जाईन आणि तिच्या पायांवर डोकं ठेवीन. इतकी वर्षं मी गेलो नाही, ही मात्र माझी चोरी. त्या चोरीला क्षमा नाही.’

“पिल्या...!” अक्काच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाहेर फाटक उघडणारे काका धावत आत आले.

तिने काय केलं होतं? ज्या एका दाराच्या आधारावर तो आयुष्यभर टेकला होता ते दारच तिने मोडून टाकलं होतं! जी मूठ जन्मभर झाकली ती एका दुपारी, एका फर्म्यासाठी, उघडून त्याच्या तोंडावर मारली होती. आणि तो काय म्हणाला? ‘सांभाळलंस मला, बरं केलंस!’ अरे माझ्या लेकरा... दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास!

ती कपाळ बडवत बसली नाही. तशी ती बाईच नव्हती. एक दिवस हातात होता. तोंड धुतलं, पायात चप्पल घातली आणि रस्ताभर मनातल्या मनात घोकत गेली. लहानपणी पिल्याला कविता पाठ करून घ्यायची तशी, शब्दन् शब्द, पुन्हा पुन्हा.

हॉस्पिटलच्या त्या पांढऱ्या खोलीत तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. लेक उशाशी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की बाप कालपासून बोललेला नाही. अक्काला बघून ती उठली, काहीतरी बोलणार होती, पण अक्काचा चेहरा पाहून बाहेर गेली.

“पिल्या,” अक्का म्हणाली, “मी काल खोटं बोलले.”

त्याने मान वळवली.

“रागाच्या भरात बोलले. सहाच फर्मे वाचले होते रे. लेख अर्धाच वाचला आणि डोकं फिरलं माझं. तुला टोचेल असं काहीतरी हवं होतं मला, म्हणून रचून सांगितलं. आई मला न्यायला आली नव्हती. मला कशाला नेईल, मी ही अशी घोडी! तुलाच न्यायला आली होती. ‘माझं पोर मला दे’ म्हणाली. मीच दिलं नाही. मला भीती वाटली. तू लिहिलंयस ना, अगदी तस्सं. तुझंच खरं. मी दार लावलं, पिल्या. चोरी मीच केली.”

बोलताना तिने डावा हात त्याच्या पांघरुणावर ठेवला होता, चांगला सपाट, बोटं पसरून, अंगठा आठवणीने दूर काढून. कागदावर वजन ठेवावं तसा तो हात तिथे ठेवलेला होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्या हाताकडे पाहिलं. बोलताना आपला हात कुठे आहे हे खरं बोलणाऱ्या माणसाला कधी आठवत नाही. आणि हा हात तर जीव मुठीत धरून उघडा राहिला होता, नखं पांढरी पडेपर्यंत! त्याच्या डोळ्यांत हळूहळू पाणी आलं. त्याला कळलं होतं. आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलं. आता तो म्हणेल, ‘पुरे अक्का’... तिने डोळे मिटून घेतले.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

“अं?”

“काय म्हणाली ती? पुन्हा सांग ना.”

“म्हणाली... माझं पोर मला दे.” अक्का त्याच्याकडे वाकली. “मी म्हटलं, तो आत झोपलाय, तापलाय, येऊन बघ. तर म्हणाली, नको गं, त्याला बघितलं तर पाय निघणार नाही माझा.”

“असं म्हणाली?”

“शपथ पिल्या. हे असंच म्हणाली. तुझी शपथ!”

या शेवटच्या वाक्याला तिला हाताची आठवण राहिली नव्हती. हात कधीच उचलून तिने त्याच्या गालावर ठेवला होता. त्याने तो हात दोन्ही हातांनी धरला, तळव्यात तोंड लपवलं आणि खांदे गदगदा हलवत तो रडला, चार वर्षांचं पोर रडतं तसा. मग थोड्या वेळाने पालथा हात डोळ्यांवर ओढत म्हणाला, “पुस्तकात काही बदलायचं नाही हं, अक्का. जसं आहे तसंच शीव.”

“बरं.”

“आणि घट्ट शीव. नाहीतर तुझी ती नवी बाई ढिलं शिवते म्हणे, काका सांगत होते.”

“काकांना काय कळतंय! त्यांनी आपला कागद कापावा,” अक्का म्हणाली, आणि रडता रडता दोघं हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. नेताना त्याने मान उचलून बहिणीकडे पाहिलं, डावा हात वर केला, आणि गंमत करत अंगठा मुठीत घालून दाखवला. “काही होत नाही मला,” तो म्हणाला.

तो परत आला नाही.

पुस्तक कुणा दुसऱ्याकडे द्यायचं का, असं छापखानेवाल्याने निरोप पाठवून विचारलं. अक्काने निरोप्याला उभंही केलं नाही. सगळे फर्मे आल्यावर तिने सुईत दोरा ओवला. बायकांना तिने हात लावू दिला नाही. एकेक प्रत एकटीने शिवली. काका रोज संध्याकाळी येऊन समोर बसायचे, चहाचा कप पुढे सरकवायचे.

एके दिवशी भावाची लेक आली. बापाच्या वस्तू आवरून झाल्या होत्या, उद्या ती तिच्या गावी जाणार होती. आत्याजवळ बसून ती बराच वेळ शिवणं बघत राहिली. मग तिने मान खाली घालूनच विचारलं.

“आत्या, एक विचारू? मी पुस्तक वाचलं. आणि त्या दिवशी दाराबाहेर टॅक्सीपाशी उभी होते मी, तू बाबाला ओरडून जे बोललीस तेही ऐकलं. त्यातलं खरं कोणतं? आजी कुणाला न्यायला आली होती?”

अक्काने तिच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे तिच्या हातांवर खिळले होते. पुस्तक नीट वाचलं होतं तिने.

“तुझ्या बाबाला,” अक्का म्हणाली. “त्यालाच न्यायला आली होती गं. माझं पोर मला दे म्हणाली.”

तिच्या उजव्या हातात सुई होती. डावा अंगठा सातव्या फर्म्याची घडी मधोमध उघडी धरून होता, तिथून तो जराही हलला नाही. तिने टाका ओढून घट्ट केला आणि पुढचा फर्मा घेतला.